तंबाखूतला अनुस्वार

निपाणीच्या वखारींत बिडीसाठी चाळला जाणारा तंबाखू मूळचा अमेरिकेतला, आणि त्याचे नावही बहुधा तिकडचेच. कोलंबस १४९२ मध्ये कॅरिबियन बेटांवर पोचला तेव्हा तिथले टाइनो लोक या पानांचा धूर ओढत असत. त्यांचा मूळ शब्द पानांच्या गुंडाळीसाठी होता की धूर ओढण्याच्या नळीसाठी, यावर जुन्या स्पॅनिश लेखकांतच एकमत नाही. शिवाय अरबीत 'तुब्बाक' नावाची औषधी वनस्पती आधीपासून होती, त्यामुळे काही अभ्यासकांना टाइनो उगमच मान्य नाही.

पोर्तुगीजमधल्या 'ताबाको'त अनुस्वार नाही, आणि पोर्तुगीजांकडून थेट शब्द घेणाऱ्या जपानीतही तो 'ताबाको' असाच राहिला. फारसीत मात्र 'तंबाकू' झाले. हिंदी 'तंबाकू', स्वाहिली 'तुंबाकू' आणि आपला 'तंबाखू' या सगळ्यांत ते अनुनासिक आहे. गुजराती 'तमाकु' आणि बंगाली 'तामाक' यांत तर ब गळून म तेवढा उरला. याउलट पोर्तुगीज 'बताता'चा मराठीत 'बटाटा' झाला, त चा ट झाला, पण अनुस्वार शिरला नाही. त्यामुळे तंबाखू हा शब्द गोव्याच्या वाटेने न येता फारसी चालणाऱ्या दरबारांतून आपल्याकडे आला असावा, हा तर्क मला पटतो. अकबराचा वकील असद बेग १६०४ च्या सुमारास परतताना तंबाखू आणि जडावाची नळी बादशहासाठी घेऊन गेला, तो विजापूरहूनच; बेळगावही तेव्हा आदिलशाहीत होते. आपल्या वैद्यकग्रंथांत याचा उल्लेख नाही, अशी हरकत दरबारी हकिमाने घेतली, तरी बादशहाने दोन-चार झुरके घेतलेच. क चा ख होणे ही मात्र इकडची करामत.

कन्नडमध्ये 'तंबाकु'च्या जोडीने 'होगेसोप्पु' हाही शब्द आहे. होगे म्हणजे धूर आणि सोप्पु म्हणजे पाला; तमिळ 'पुगैयिलै' आणि तेलुगू 'पोगाकु' यांचा अर्थही धुराचे पान असाच. जुन्या कन्नडमधला शब्दारंभीचा प मध्ययुगात ह झाला, म्हणून बेळगावात कानावर पडणारे दुधाचे 'हालु' पूर्वी 'पालु' होते, आणि त्याच नियमाने 'पोगे'चे 'होगे' झाले. हा बदल तंबाखू इकडे येण्यापूर्वीचा आहे, म्हणजे दोन्ही घटक घरचे आणि जुने, जोड तेवढी नवी.

'बिडी'चेही थोडेफार तसेच आहे. संस्कृत 'वीटिका' म्हणजे पानाचा विडा. तेंदूपानात तंबाखू गुंडाळणे सुरू झाल्यावर तेच नाव त्या वळकटीला मिळाले, आणि कन्नडनेही ते 'बीडि' म्हणून स्वीकारले.