ताव जाळीवरून नखाने सोडवू नये: घरी कागद तयार करणाऱ्या पालकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून कागद तयार करण्याचा संच नेलेले पालक काही दिवसांनी साचा, म्हणजे जाळी ताणून बसवलेली चौकट, परत घेऊन येतात, तेव्हा तक्रार बहुधा एकच असते: कागदाचा ओला ताव जाळीला चिकटून बसतो, निघता निघत नाही आणि ओढला की फाटतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत अशा तक्रारी वाढतात, आणि पुन्हा तान्ह्या पोळ्याच्या आधी, जेव्हा मुलांना लाकडी नंदीच्या सजावटीसाठी स्वतः केलेला कागद हवा असतो. परत आलेला साचा उजेडात धरून पाहिला, की जाळीच्या एका कडेला नखांचे ओरखडे दिसतात आणि तेथेच ती सैल पडलेली असते. जाळी सदोष नसते. ओला ताव तिच्यावरून खरवडून काढण्याचा प्रयत्न झालेला असतो.

या एका चुकीमुळे मुलांची दुपार वाया जाते आणि आमचाही दुरुस्तीत वेळ जातो, म्हणून तिचे कारण नीट सांगणे आवश्यक वाटते. कागदाला बळकटी येते ती त्यातील तंतू एकमेकांना घट्ट धरतात म्हणून, आणि ही पकड पाणी निघून जाऊ लागल्यावरच बसते. लगदा कालवलेल्या पाण्याच्या टबातून साच्यावर नुकत्याच उचललेल्या तावात तंतूंपेक्षा पाणीच कितीतरी अधिक असते, त्यामुळे तो दिसायला कागदासारखा असला तरी ओढ सहन करू शकत नाही. जाळीचे काम पाणी गाळण्यापुरते आहे. पाणी गळून गेले की ताव तिच्यावरून कापडावर उतरवायचा असतो, सोलून काढायचा नसतो.

हे उतरवणे असे करावे. साचा टबावर आडवा धरून पाण्याची धार थांबू द्यावी आणि थेंब पडू लागले की एक कोपरा किंचित खाली करावा. लहान मुलांचे हात या वेळी भरून येतात, म्हणून टबावर दोन लाकडी पट्ट्या टाकून त्यांवर साचा टेकवलेला बरा. नंतर वरची रिकामी चौकट काढून घ्यावी आणि संचातील सुती कापड ओले करून, पिळून, सपाट फळीवर पसरावे. कापड कोरडे असल्यास ताव त्याला धरत नाही, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. आता जाळी तावासह कापडावर उपडी ठेवून तिच्या पाठीवर स्पंज दाबावा, पिळावा आणि पुन्हा दाबावा. आमच्या दुकानात प्रात्यक्षिकाला आलेली सहा वर्षांची एक मुलगी प्रत्येक दाब मोठ्याने मोजत होती. आठव्या दाबाला स्पंजातून जेमतेम दोन थेंब निघाले, तिने आखूड बाजूने जाळी हळूच वर केली आणि बारीक चर्र आवाज होऊन संपूर्ण ताव कापडावर राहिला, अंगावर जाळीची नक्षी घेऊन. ताव जाळीबरोबर वर येऊ लागला, तर जाळी पुन्हा खाली टेकवून आणखी चार वेळा स्पंज दाबावा. नख मात्र लावू नये.

ही आमची नवी युक्ती नव्हे. गांधीजींच्या प्रेरणेने १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने आपल्या शेजारच्या वर्ध्याला, मगनवाडीत, हातकागदाच्या कामाला चालना दिली. हातकागदाचे कारागीरही ओल्या तावाला बोटाने सोडवत नाहीत. साचा उपडा करून तो उतरवूनच घेतात.

लगदा फार दाट झाल्यासही ताव जाड होतो, त्यातले पाणी निघत नाही आणि मग नख लावण्याचा मोह होतो. ए-४ आकाराच्या नेहमीच्या एका कागदाचे वजन सुमारे पाच ग्रॅम असते, आणि आमच्या साच्यावर त्याच्या निम्म्या आकाराचा ताव निघतो; तो बाजारच्या कागदाच्या दुप्पट जाड धरला, तरी एका कागदातून एक ताव होतो. आठ कागदांच्या लगद्याला सात-आठ लिटर पाणी घ्यावे. मुलांना टबात हाताने लगदा ओतण्याची फार हौस असते. त्याऐवजी त्यांना कागदाचे तुकडे फाडण्याचे आणि टब ढवळण्याचे काम द्यावे. मिक्सर मोठ्यांनीच चालवावा, तोही रात्रभर भिजवलेल्या मूठभर तुकड्यांत भरपूर पाणी घालून, थांबत थांबत, कारण फार वेळ फिरवल्यास तंतू आखूड होतात आणि कागद ठिसूळ बनतो. वह्यांच्या पिना आधी काढाव्यात. गुळगुळीत मासिके व दुकानांची छापील बिले वापरू नयेत.

लगद्यात पांढरा डिंक घालण्याविषयी नेहमी विचारणा होते. आम्ही तो संचात देत नाही, कारण डिंकाने ताव जाळीला अधिकच चिकटतो. लिहिताना शाई फुटू नये असे वाटत असल्यास मक्याच्या पिठाची चमचाभर पातळ खळ पुरते.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात ताव थेट उन्हात ठेवल्यास कडा वळतात. घरात पंख्याखाली वाळवलेला बरा. पावसाळ्यात वर कोरडे कापड ठेवून मोठ्यांनी इस्त्री फिरवावी. उरलेला लगदा मोरीत ओतू नये; तो कापडातून गाळून, गोळे करून वाळवावा, म्हणजे पुढच्या वेळी भिजवून वापरता येतो.

पहिल्या वेळी जाळी आम्ही विनामूल्य ताणून देतो. त्यानंतर जाळीचा व कारागिराच्या वेळेचा खर्च घ्यावा लागतो, आणि तो काही ग्राहकांना खटकतो, हे आम्हाला ठाऊक आहे. परंतु सागाची चौकट फेकून नवी विकण्यापेक्षा जुनी दुरुस्त करून देणे आम्हाला योग्य वाटते. दोन मुले असलेल्या घरी जादा सुती कापडांची जोडी घ्यावी, म्हणजे एकाचा ताव वाळेपर्यंत दुसऱ्याला थांबावे लागत नाही. ती दुकानात स्वतंत्रपणे मिळते. दुरुस्तीला साचा आणताना जाळी धुऊन आणावी, कारण वाळलेला लगदा छिद्रांत बसला की तो काढतानाच जाळी फाटते.