मानेतलं कलम

तासगावच्या द्राक्षबागेत विरळणीच्या दिवसांत बायामाणसं सकाळपासून मांडवाखाली मान वर करून उभी असतात. मान मागे झुकली की नसा बाहेर पडण्याची मणक्यांमधली छिद्रं अरुंद होतात. तरण्या मानेला त्याचं काही वाटत नाही. पण दोन मणक्यांमधली गादीसारखी चकती सुकून दबली असेल, कडेला हाड वाढलं असेल, तर खांद्यापासून बोटांपर्यंत कळ जाते. बहुतेकांना औषधं आणि व्यायामाने उतार पडतो. मात्र शर्टाचं बटण लावता येईना, चालताना तोल जाऊ लागला, तर मज्जारज्जू दबत असण्याची शक्यता असते. अशा वेळी मान चोळून घेण्यात दिवस घालवू नयेत.

खराब चकती काढून तिथले मणके एकमेकांना जोडण्याचं ऑपरेशन बहुधा गळ्याच्या पुढच्या बाजूने होतं, कारण तिथून मज्जारज्जूला न हलवता चकती काढता येते. 1950 च्या दशकात स्मिथ आणि रॉबिन्सन ही सर्जनांची जोडी आणि सर्जन क्लोवर्ड यांनी स्वतंत्रपणे ही वाट मांडली. खरा वाद आहे तो रिकाम्या जागेत काय बसवायचं याचा.

बागायतदाराला हे चटकन कळेल. खुंटावर कलम बांधलं की पट्टी फक्त धरून ठेवते. जीव धरायचा तो कलमानेच, आणि तोवर ते हलता कामा नये. मणक्यांचंही तसंच आहे. कमरेचं स्वतःचं हाड बसवलं तर ते चांगलं जुळतं, पण कंबर पुढे कित्येक दिवस दुखू शकते. म्हणून पिंजरे आले, म्हणजे मणक्यांमध्ये बसवायचे छोटे पोकळ ठोकळे. टायटॅनियम हाडापेक्षा फार ताठ असल्याने मणक्यात रुतू शकतं. ‘पीक’ नावाच्या प्लास्टिकचा ताठपणा हाडाच्या जवळचा, शिवाय ते एक्स-रेच्या आड येत नाही. पण हाड त्याला सहज चिकटत नाही. म्हणून पिंजऱ्याच्या पोकळीत हाडाचा चुरा भरतात.

समोरून धातूची पट्टी स्क्रूने बसवली की पकड वाढते, पण पट्टीला अन्ननलिका घासून गिळायला त्रास होऊ शकतो. पिंजऱ्यातच स्क्रू असलेल्या नव्या रचनेत हा त्रास कमी दिसतो. एका चकतीसाठी मला ती पटते. तीन-चार ठिकाणी जोडायचं असेल तर मात्र पट्टीचा आधार किंवा मागून सळ्या घालणं जास्त भरवशाचं. मागून केलं तर स्नायू जास्त दुखावतात. आणि कुठल्याही पद्धतीत विडी-सिगारेट चालू राहिली तर हाड जुळायला अडथळा येतो.

मान वळणारच नाही, ही भीती मोठी असते. पण वळवण्याचं जवळपास निम्मं काम सर्वांत वरचे दोन मणके करतात. तिथे चकतीच नसते, त्यामुळे या ऑपरेशनचा हात तिथवर जात नाही. जपायच्या त्या जोडलेल्या जागेच्या वरच्या आणि खालच्या चकत्या.