गोदाम कधी तुंबतं, कधी रिकामं पडतं: मॉडेल काय सांगतं?

"मार्केटचा काही भरवसा नाही हो!" आम्ही धंद्यांची मॉडेलं करून देतो, म्हणजे माल मागवण्याचे नियम आकड्यांत मांडून पुढे काय होतं ते बघतो. आमच्याकडे आलेली बहुतेक मंडळी पहिल्या पाच मिनिटांत हे ऐकवतात. या महिन्यात गोदामात पाय ठेवायला जागा नाही, पुढच्या महिन्यात गिऱ्हाईक रिकाम्या हाती परत. पण खूपदा घोळ मार्केटचा नसतो, आपण ज्या नियमाने माल मागवतो त्याचा असतो. पटत नसेल तर वही-पेन घ्या.

समजा, आठवड्याला 20 बॉक्स खपतात. गोदामात 80 बॉक्स हवेतच, असा तुमचा शिरस्ता. ऑर्डर दिल्यावर माल तीन आठवड्यांनी येतो. दर आठवड्याला तुम्ही विक्रीइतका माल मागवता, शिवाय 80 ला जेवढे कमी पडतील तेवढे वर. आता विक्री 20 ची 24 झाली आणि तिथेच राहिली.

पहिले तीन आठवडे जुन्या ऑर्डरींचे 20-20 बॉक्सच येतात. स्टॉक 76, 72, 68 असा उतरतो, ऑर्डर 28, 32, 36 अशी चढते. मग हा वाढीव माल एकामागून एक येऊन थडकतो. सातव्या आठवड्यात स्टॉक 100, ऑर्डर जेमतेम 4. बाराव्या आठवड्यात स्टॉक 40 आणि ऑर्डर 64! गिऱ्हाईक बिचारं सगळा वेळ 24 च नेतंय. तुमचा सप्लायर मात्र म्हणत असेल, मार्केटचा काही भरवसा नाही.

वाटेतला माल हिशोबात धरलाच नव्हता, एवढीच चूक. गोदामातला आणि वाटेतला मिळून 152 धरा (80 अधिक तीन आठवड्यांची विक्री) आणि जेवढे कमी तेवढेच मागवा. पहिल्या आठवड्यात 36 ची एक ऑर्डर जाते, नंतर कायम 24. स्टॉक 68 पर्यंत उतरतो आणि चौथ्या आठवड्यात 80 वर येऊन स्थिरावतो.

नियम असे आठवड्यामागून आठवडा चालवून बघण्याच्या या शास्त्राला सिस्टम डायनॅमिक्स म्हणतात, आणि त्याची सुरुवातही अशीच कागदावर झाली. 1950 च्या दशकात अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या केंटकीतल्या घरगुती उपकरणांच्या कारखान्यांत कधी तीन-चार पाळ्या चालायच्या, काही वर्षांनी निम्मी माणसं घरी बसायची. एमआयटी या अमेरिकन विद्यापीठातले प्राध्यापक जे फॉरेस्टर यांनी तिथले भरतीचे आणि स्टॉकचे नियम विचारून घेतले, स्टॉक, कामगार, ऑर्डरी असे रकाने आखले आणि आठवड्यामागून आठवडा हाताने आकडे भरले. बाहेरची मागणी स्थिर धरली, तरी कामगारसंख्या हेलकावे खात राहिली.

आम्ही हेच काम कॉम्प्युटरवर करतो. जे साठतं ते टाकी: माल, उधारी, कारागीर. टाकीला आवक-जावकीचे नळ, आणि नळ कोण, काय बघून फिरवतो ते नियम. खरी मेहनत या नियमांतच आहे. मालक सांगतात, "चार आठवड्यांचा स्टॉक ठेवतो." स्टोअरकीपर सांगतो, "रॅक रिकामा दिसला की मागवतो." मॉडेलमध्ये स्टोअरकीपरचा नियम जातो. (यावरून आमच्यासमोर वादही झालेत. चहा मागवून आम्ही गप्प बसतो.)

मग मॉडेलला छळायचं. आवक शून्य केली आणि स्टॉक उणे गेला, तर मॉडेल चुकलं. नसलेला माल गोदामातून बाहेर कसा पडेल? टाकीतल्या 'बॉक्स'मध्ये नळातले 'आठवड्याला बॉक्स' तसेच मिसळले, म्हणजे एककांची गल्लत झाली, तरी चुकलं. मागच्या दोन वर्षांचा चढउतार त्याला स्वतःहून काढता आला पाहिजे.

सुरुवातीला आम्ही एका ग्राहकाला अख्खी भिंत भरेल एवढं मॉडेल करून दिलं होतं. त्यांनी कौतुकाने पाहिलं आणि कपाटात ठेवलं. आता आठ-दहा टाक्यांपुढे जायचं असेल, तर आम्ही आधी एकमेकांना कारण विचारतो.

दिवाळीत नेमके किती बॉक्स जातील, हे आमचं मॉडेल सांगणार नाही. नियम बदलला तर हेलकावे वाढतील की कमी होतील, ते सांगेल. उद्या कुठल्या मशीनवर कुठला जॉब लावायचा, एवढाच प्रश्न असेल तर एक्सेल पुरे. तसं आम्ही सांगू आणि फी घेणार नाही.

पहिल्या बैठकीला दोन वर्षांचं स्टॉक रजिस्टर, खरेदीची बिलं आणि ऑर्डरींच्या तारखा घेऊन या. व्हॉट्सॲपवरच्या ऑर्डरीही चालतील. आणि स्टोअरकीपरला सोबत आणा.