गॉथिक अक्षरं इतकी टोकदार का असतात?

कोणी टी-शर्टवर किंवा टॅटूमध्ये ती काळीकुट्ट, टोकदार गॉथिक अक्षरं वापरली की खाली कमेंट हमखास येते, "अरे हा तर हिटलरचा फॉन्ट!" हे फार चुकीचं आहे. नाझींनी आधी फ्राक्टुर (या गॉथिक अक्षरांचाच जर्मन प्रकार) डोक्यावर घेतला हे खरं, पण ३ जानेवारी १९४१ ला नाझी पक्षाचा बडा अधिकारी बोरमन याच्या सहीने परिपत्रक निघालं की ही "ज्यूंची अक्षरं" आहेत, यापुढे वापरायची नाहीत. आणि त्या पत्राचं लेटरहेडच गॉथिकमध्ये छापलेलं होतं! ही लिपी त्यांच्या कितीतरी शतकं आधीची, गुटेनबर्गने १४५५ च्या सुमारास माइन्झला बायबल छापलं तेही याच वळणाच्या, टेक्स्तुरा नावाच्या गॉथिक अक्षरात.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते निबचं गणित. कट निबची धार सपाट असते, समजा २ मिलिमीटर रुंद, आणि ती लिहायच्या ओळीशी ४५ अंशात तिरकी धरून हात न फिरवता लिहायचं. आता धारेच्याच दिशेने रेघ ओढली तर केसासारखी बारीक येते, धारेला काटकोनात ओढली तर पूर्ण २ मिमी, आणि सरळ खाली ओढली तर २ गुणिले साइन ४५, म्हणजे साधारण १.४ मिमी. म्हणजे रेघेची जाडी = निबची रुंदी × (धार आणि रेघ यांच्यातल्या कोनाचा साइन), बस एवढंच. निब टेकवून काटकोनात जराशी ओढली की टोकावर उभा राहिलेला चौकोन मिळतो, टेक्स्तुराच्या बहुतेक उभ्या रेघांच्या डोक्याला आणि पायाला तोच असतो. पिसाची लेखणी वर ढकलली तर अडते, शाई उडते, म्हणून गोल एका दमात न काढता ओढायच्या तुकड्यांत मोडायचा, आणि अक्षराला कोपरे येतात ते तिथेच. दोन पेन्सिली रबरबँडने बांधून करून बघा, लगेच कळेल. आपल्या बोरूचा काप उलट्या बाजूला, म्हणून रोमनमध्ये जी तिरपी रेघ बारीक येते तीच देवनागरीत जाड.

रेघेच्या जाडीवरून स्वभाव सांगणारे ग्राफोलॉजीवाले भेटतात ना, त्यांना पैसे देऊ नका, त्याला शास्त्रीय आधार नाही आणि इथे तर जाडी सरळसरळ कोनातून येते.

या पद्धतीचा तोटा म्हणजे आय, एन, एम, यू सगळे एकसारख्या उभ्या रेघांचे. 'मिनिमम' शब्द रोमन लिपीत लिहिला तर ओळीने १५ सारख्या रेघा, कुठलं अक्षर कुठे संपलं ते कळत नाही. म्हणून लेखनिक आयच्या डोक्यावर छोटी तिरकी खूण करायला लागले, आज आपण देतो तो टिंब तिथूनच आला.

लांबलचक मजकुराला ही अक्षरं आता कोणी लावत नाही, आणि लावूही नयेत, डोळे दुखतात. पण न्यूयॉर्क टाइम्सचं नाव अजून याच वळणात छापतात, सर्टिफिकेटवर मथळा असतो, बिअरच्या लेबलवर असतो, मेटल बँडच्या लोगोत असतो. आणि गणितात तर रोजचं काम, ली ग्रुप नावाची गणिती रचना कॅपिटल जी ने दाखवली की तिच्याशी जोडलेलं ली अल्जिब्रा फ्राक्टुरमधल्या छोट्या जी ने लिहितात, त्यासाठी युनिकोडमध्ये (संगणकावर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) या गणिती फ्राक्टुर अक्षरांना स्वतंत्र कोड दिलेले आहेत.