हॅरल्डने गादी बळकावली नव्हती

इंग्लंडची गादी उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम याच्याच हक्काची होती आणि इंग्लिश सरदार हॅरल्डने त्याच्या हक्काला पाठिंबा देण्याची शपथ मोडून ती बळकावली, असं अजूनही सर्रास लिहिलं जातं. ही जिंकणाऱ्याने सांगितलेली गोष्ट आहे.

५ जानेवारी १०६६ रोजी इंग्लंडचा एडवर्ड राजा निपुत्रिक वारला. तिथे गादी केवळ रक्ताच्या नात्याने मिळत नसे. सरदार-बिशपांच्या सभेची, म्हणजे विटानची, संमती लागे. ती हॅरल्डला मिळाली आणि दुसऱ्याच दिवशी त्याचा राज्याभिषेक झाला. शपथेची हकिकत येते ती नॉर्मन लेखकांकडून. अँग्लो-सॅक्सन, म्हणजे त्या काळच्या इंग्लिश, बखरींत तिचा उल्लेखच नाही. आणि घेतली असलीच, तरी ती विल्यमच्या मुलखात, त्याच्या ताब्यात असताना.

रक्ताचंच बघायचं, तर खरा वारस होता कोवळा एडगर, एडवर्डच्या सावत्र भावाचा, म्हणजे आधीचा राजा एडमंड आयर्नसाइडचा नातू. विल्यम नुसता एडवर्डच्या मामाचा नातू! १४ ऑक्टोबरला हेस्टिंग्जच्या लढाईत विल्यमच्या फौजेपुढे हॅरल्ड पडल्यावर लंडनमध्ये एडगरची राजा म्हणून निवडही झाली होती. अभिषेक तेवढा राहिला. विल्यमची फौज मुलूख उद्ध्वस्त करत लंडनभोवती फिरली, तेव्हा एडगरसह सरदार बर्कहॅमस्टेड गावी विल्यमला शरण गेले. २५ डिसेंबरला विल्यमच्या डोक्यावर मुकुट चढला तो या धाकाने.