चतुर्भुज मंदिराची बाग आणि दोन बिंदूंमधलं अंतर

ग्वाल्हेरचा किल्ला पूर्वेकडच्या वाटेनं चढताना अखंड खडकात कोरलेलं एक लहानसं मंदिर लागतं, चतुर्भुज मंदिर. त्यातल्या इसवी सन ८७६ च्या शिलालेखात नगरानं देवळाला दिलेल्या फुलबागेची नोंद आहे. जमिनीची लांबी २७० हात, रुंदी १८७ हात, आणि देवाला रोज ५० माळा. यातल्या २७० आणि ५० या आकड्यांमधलं शून्य, भारतात निश्चित काळ ठाऊक असलेल्या कोरीव शून्यांपैकी अगदी जुनं, म्हणून जगप्रसिद्ध आहे. ते पाहायला गणितप्रेमी लांबून येतात. दहावीची मुलं बरोबर असली की मी त्यांना बागेचे आकडेही वहीत उतरवून घ्यायला सांगतो. निर्देशक भूमितीची, म्हणजे आकड्यांच्या जोडीनं जागा सांगणाऱ्या भूमितीची, सुरुवात करायला याहून चांगली जमीन आमच्या गावात नाही.

बाग आयताकृती होती असं धरू. तिचा एक कोपरा आरंभबिंदू, म्हणजे (०, ०). लांबीच्या बाजूनं क्ष-अक्ष, रुंदीच्या बाजूनं य-अक्ष. मग समोरचा कोपरा (२७०, १८७). माळी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात कडेकडेनं गेला तर ४५७ हात चालेल. नाकासमोर तिरका गेला तर किती?

आयत मधून कापला की काटकोन त्रिकोण होतो, आणि तिरकी वाट हा त्याचा कर्ण. २७० चा वर्ग ७२,९००, १८७ चा वर्ग ३४,९६९. बेरीज १,०७,८६९ आणि तिचं वर्गमूळ सुमारे ३२८.४. हात साधारण दीड फुटाचा धरला, तर ही वाट दीडशे मीटरच्या आसपास जाते. अंतराचं सूत्र म्हणून पुस्तकात जे चौकटीत छापलेलं असतं ते एवढंच आहे: क्ष-निर्देशकांमधल्या फरकाचा वर्ग, य-निर्देशकांमधल्या फरकाचा वर्ग, दोन्हींची बेरीज, तिचं वर्गमूळ. शाळेत याला पायथागोरसचं प्रमेय म्हणतात. इसवी सनाच्या कित्येक शतकं आधीच्या बौधायन शुल्बसूत्रात हेच दोरीच्या भाषेत आहे: आयताची लांबी आणि रुंदी वेगवेगळी जी क्षेत्रं निर्माण करतात, त्या दोन्हींच्या बेरजेएवढं क्षेत्र कर्णाची दोरी एकटी निर्माण करते. यज्ञवेदी आखणाऱ्यांना ते हातानं मोजून ठाऊक होतं.

मग यात नवीन काय आलं? जागेला आकड्यांची जोडी देण्याची पद्धत. फ्रेंच गणिती रेने देकार्तचा भूमितीवरचा ग्रंथ १६३७ मध्ये नेदरलंड्समधल्या लायडनला छापला गेला आणि त्याच सुमारास पिएर द फर्मा स्वतंत्रपणे याच विचाराशी पोचला होता. गंमत अशी की आज आपण वापरतो ते अंतराचं सूत्र देकार्तनं लिहिलेलं नाही. त्याच्या अक्षांमध्ये काटकोन असलाच पाहिजे असंही नव्हतं. हे सूत्र अलेक्सी क्लेरो या फ्रेंच गणितीनं १७३१ मध्ये प्रसिद्ध केलं, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. म्हणजे आपली मुलं जो धडा एका आठवड्यात संपवतात तो जुळून यायला युरोपला जवळजवळ शंभर वर्षं लागली. एखाद्याला तो पहिल्या दिवशी कळला नाही तर त्याच्या बुद्धीवर शंका घ्यायचं कारण नाही.

आता बागेच्या आत शिरू. समजा एक चाफा (३०, ४७) वर आहे आणि विहीर (१५०, १३७) वर. क्षमधला फरक १२०, यमधला ९०. वर्ग १४,४०० आणि ८,१००, बेरीज २२,५००, वर्गमूळ १५०. विहिरीपासून चाफ्यापर्यंत मोजलं तर फरक उणे १२० आणि उणे ९० येतात, पण वर्ग केला की उणेपण जातं. कोणता बिंदू पहिला घ्यायचा याची चिंता म्हणूनच करायची नसते.

या दोघांच्या बरोबर मध्ये दगडी बाक ठेवायचा आहे. इथे बरीच मुलं अंतराच्या सवयीनं वजाबाकी करतात: १२० चं निम्मं ६०, ९० चं निम्मं ४५, म्हणून उत्तर (६०, ४५). ही मुलं चुकीच्या वाटेवर नाहीत, फक्त अर्ध्यात थांबली आहेत. ६० आणि ४५ म्हणजे चाफ्यापासून किती सरकायचं ते. कुठे पोचलो हे त्यातून कळत नाही. चाफ्याच्या ३० मध्ये ६० मिळवा, ४७ मध्ये ४५ मिळवा, म्हणजे (९०, ९२) येतं. आता ३० आणि १५० ची सरासरी काढून पाहा: ९०. ४७ आणि १३७ ची: ९२. मध्यबिंदूचं सूत्र सरासरीचं का असतं ते इथे उघड होतं. पहिल्यापासून फरकाच्या निम्मं पुढे जाणं आणि दोघांची बेरीज करून निम्मी करणं, हे एकच काम आहे.

पडताळा घ्या. (३०, ४७) पासून (९०, ९२) पर्यंत फरक ६० आणि ४५, अंतर ७५. दीडशेचं निम्मं. इथे एक सापळा आहे आणि चांगल्या मुलांनाही तो अडकवतो. (४५, १५२) हा बिंदू घ्या. चाफ्यापासून फरक १५ आणि १०५, विहिरीपासून १०५ आणि १५. दोन्ही अंतरं सारखी, सुमारे १०६. तरीही हा मध्यबिंदू नाही! दोन टोकांपासून सारखं दूर असणारे बिंदू अगणित असतात, आणि ते सगळे रेषाखंडाच्या लंबदुभाजकावर, म्हणजे त्याला मधोमध काटकोनात छेदणाऱ्या रेषेवर, बसलेले असतात. त्यातला एकच त्या रेषाखंडावर आहे. ‘दोन्ही अंतरं समान आली, म्हणून मध्यबिंदू’ हे वाक्य उत्तरपत्रिकेत दिसलं की मला वाईट वाटतं, कारण गणित बरोबर असतं आणि निष्कर्ष सुटलेला असतो.

आरंभबिंदू कुठे घ्यायचा हे आपल्या हातात आहे. तो बागेच्या केंद्रात, म्हणजे जुन्या मोजणीतल्या (१३५, ९३.५) वर नेला, तर समोरासमोरचे कोपरे (−१३५, −९३.५) आणि (१३५, ९३.५) होतात. १३५ मधून उणे १३५ वजा केले की २७०. इथे हमखास चूक होते, शून्य उत्तर येतं आणि बाग नाहीशी होते. ऋण संख्या वजा करायचे नियम ब्रह्मगुप्तानं ६२८ मध्ये, म्हणजे या शिलालेखाच्या जवळजवळ अडीचशे वर्षं आधी, लिहून ठेवले होते. कोपऱ्यांची नावं बदलली, तिरकी वाट तेवढीच राहिली.

आतापर्यंत अंतर आणि मध्यबिंदू जोडीनं चालले. पण त्यांचा स्वभाव एक नाही, आणि पाठ्यपुस्तकात हे सांगितलं जात नाही याची मला खंत आहे. ते दिसायला बागेतून बाहेर पडून नकाशावर जावं लागतं.

ग्वाल्हेर साधारण २६.२२ अंश उत्तर, ७८.१८ अंश पूर्व. इंदूर २२.७२ उत्तर, ७५.८६ पूर्व. शिंद्यांच्या आणि होळकरांच्या या दोन राजधान्यांमध्ये सरळ रेषेत किती अंतर? अंश हेच निर्देशक धरून सूत्र लावलं तर फरक ३.५० आणि २.३२, अंतर ४.२० अंश. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा, म्हणून ४६६ किलोमीटर. हे उत्तर चुकीचं आहे. रेखावृत्तं ध्रुवाकडे जवळजवळ येत जातात, त्यामुळे या दोन शहरांच्या मधल्या पट्ट्यात रेखांशाचा एक अंश सुमारे १०१ किलोमीटरच भरतो. उत्तर-दक्षिण ३८८ आणि पूर्व-पश्चिम २३४ किलोमीटर असं आधी रूपांतर करून मग वर्ग केले, की खरं उत्तर ४५४ च्या आसपास येतं. अंतराच्या सूत्राला दोन्ही दिशांना एकच माप हवं असतं आणि अक्षांमध्ये काटकोनही हवा असतो. दोन्हींपैकी एक बिघडलं की ते फसवतं, आणि फसवलं हे सांगतही नाही.

आता मध्यबिंदू काढा. अक्षांशांची सरासरी २४.४७, रेखांशांची ७७.०२. इथे कसलंही रूपांतर लागलं नाही. मध्यबिंदूत दोन्ही निर्देशक आपापलं निम्मं आपापल्या मापानं करतात, एकाचा दुसऱ्याशी संबंध येत नाही. कागद रबराचा करून एकाच दिशेला ताणला तरी रेषाखंडाचा मध्य मध्यच राहतो, आणि देकार्तसारखे तिरके अक्ष घेतले तरी राहतो. पृथ्वी गोल असल्यामुळे हजारो किलोमीटरच्या अंतरांना हे चालत नाही, पण ग्वाल्हेर-इंदूरएवढ्या पट्ट्यात जी चूक येते ती अगदी किरकोळ.

नकाशावर २४.४७ आणि ७७.०२ शोधलं तर बोट गुण्याच्या नैर्ऋत्येला, राघोगडच्या थोडं पश्चिमेला पडतं. आपल्या आवडीची दोन गावं घेऊन मुलांबरोबर हे करून पाहा. अंतर काढताना रेखांशांमधला फरक आधी किलोमीटरमध्ये बदलायला लावा, आणि मध्य काढताना तसाच राहू द्या.