धूमकेतूची निळी शेपटी आणि सौर वारा

धूमकेतूला बहुधा दोन शेपट्या असतात. धुळीची शेपटी पिवळसर, रुंद आणि वळलेली असते. दुसरी निळसर, सडपातळ, जवळजवळ सरळ. ती प्लाझ्माची, म्हणजे विद्युतभारित वायूची. सौर वाऱ्याचा, म्हणजे सूर्यातून वाहणाऱ्या विद्युतभारित कणांच्या झोताचा, सुगावा याच निळ्या शेपटीने दिला, तोही अवकाशयुग सुरू होण्याआधी. खगोलशास्त्रातला हा तर्क मला फार देखणा वाटतो.

शेपटी सूर्याच्या विरुद्ध दिशेला असते, हे युरोपात पेट्रस एपियन यांनी १५३१च्या धूमकेतूवरून दाखवलं. तोच पुढे हॅलीचा म्हणून ओळखला गेला. केप्लर यांनी त्याचं कारण सूर्यकिरणांच्या रेट्यात शोधलं. धुळीपुरतं ते बरोबर निघालं. निळ्या शेपटीतल्या गाठी मात्र अशा झपाट्याने वेग घेतात, की प्रकाशाचा दाब तिथे तोकडा पडतो.

खरी किल्ली होती कोनात. ही शेपटी सूर्यापासून काढलेल्या सरळ रेषेच्या काही अंश मागे कललेली असते, हे कूनो हॉफमाइस्टर यांनी १९४३ मध्ये मांडलं. १९५१ मध्ये लुडविग बीरमान यांनी निष्कर्ष काढला, की सूर्यातून कणांचा झोत अखंड वाहतो आहे. पावसात धावणाऱ्याला सरळ पडणारे थेंबही तिरपे लागतात, तसाच हा कल. धूमकेतूचा आडवा वेग सेकंदाला ४० किलोमीटर आणि कल ५ अंश धरा. वाऱ्याचा वेग सेकंदाला साधारण ४५० किलोमीटर येतो!

हा झोत का वाहतो, याचं गणित १९५८ मध्ये यूजीन पार्कर यांनी मांडलं. परीक्षकांनी तो निबंध नाकारला होता. संपादक सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनाही तो पटला नव्हता, पण गणितात चूक सापडेना म्हणून त्यांनी तो छापला. १९६२ मध्ये मरीनर-२ यानाने हा वारा महिनोन्‌महिने मोजला.

निळ्या शेपटीच्या सडपातळ, सरळ आकाराचं कोडं हानेस आल्फव्हेन यांनी १९५७ मध्येच सोडवलं होतं. वाऱ्यासोबत येणाऱ्या चुंबकीय रेषा धूमकेतूच्या जड आयनांमुळे (विद्युतभारित अणुरेणूंमुळे) मधोमध मंदावतात, त्यांची टोकं मात्र पुढे धावतात. रेषा डोक्याभोवती दुमडून मागे लांबतात आणि आयन त्यांच्यात ओढले जातात. १९८५ मध्ये आयसीई यान जाकोबिनी-झिनर धूमकेतूच्या शेपटीतून गेलं, तेव्हा दोन बाजूंना उलटसुलट दिशेचं चुंबकीय क्षेत्र आढळलं, म्हणजे दुमडलेल्या रेषांचीच खूण.

आणखी एक जुना प्रश्न होता. १९०८च्या मोरहाउस धूमकेतूच्या छायाचित्रांत शेपटी तुटून वाहत गेलेली दिसत होती, कारण कळत नव्हतं. २० एप्रिल २००७ रोजी स्टिरिओ-ए यानाच्या कॅमेऱ्यासमोर एन्के धूमकेतूवर सूर्यातून उसळलेला प्लाझ्माचा लोंढा आदळला. त्यातलं चुंबकीय क्षेत्र शेपटीभोवतीच्या रेषांशी जोडलं गेलं, शेपटी मुळापासून उखडली आणि लोंढ्याबरोबर निघून गेली. पाठोपाठ नवी शेपटी फुटू लागली.